घडीच्या संगणकाची निगा

वहीप्रमाणे उघडणारा आणि वहीप्रमाणेच मिटणारा संगणक आता मोठ्या शहरांतील कचेऱ्यांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी दुकानाचा हिशेब त्यावर होतो, शेताचा सात-बाराचा उतारा त्यावर पाहता येतो आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी आपला अभ्यासही त्यावरच करते. इंग्रजीत त्यास लॅपटॉप, म्हणजे मांडीवर ठेवावयाचे यंत्र, असे म्हणतात. मराठीतही तोच शब्द रूढ झाला आहे. कित्येक घरांत असा लॅपटॉप एकच असतो. तो बहुधा हप्त्यांनी घेतलेला असतो आणि घरातील तीन-चार माणसांची कामे त्यावर अवलंबून असतात. अशा घरी ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री यंत्राचा पडदा काळा पडला, म्हणजे यंत्राच्या किमतीपेक्षा त्यात साठविलेल्या मजकुराचीच हळहळ अधिक वाटते. अशी वेळ येण्यास उष्णता, पाणी, धूळ आणि धक्का यांपैकी एखादे कारण पुष्कळदा पुरेसे होते; आणि यंत्राच्या अंतरंगाची थोडी ओळख असेल, तर या चौघांनाही बऱ्याच अंशी दूर ठेवता येते.

हे यंत्र आजच्या सुटसुटीत रूपास एकदम आलेले नाही. १९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ नावाचा उचलून नेता येणारा संगणक विक्रीस आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा ५ इंचांचा होता. शिवणयंत्राच्या पेटीसारखी ती पेटी एका हाताने उचलून चार पावले जाणे हेच मोठे काम होते. तिचे निर्माते अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण तामिळनाडूत गेले होते, आणि २००३ साली त्यांचा अंत झाला तोही तेथल्याच कोडाईकनाल येथे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, ‘ग्रिड कंपास’ हा संगणक आला. बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकाराने त्याची घडण केली होती. पडदा बिजागरीवर बसवून तो कीबोर्डवर मिटावयाचा, ही आजच्या लॅपटॉपची ओळखीची घडी त्या यंत्रात दिसते. त्याचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते, किंमत आठ हजार डॉलरांहून अधिक होती, आणि अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही त्याने प्रवास केला.

टेबलावर ठेवावयाच्या मोठ्या संगणकाच्या पेटीत हवा खेळावयास ऐसपैस जागा असते. लॅपटॉपमध्ये मात्र प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या, डिस्क, पंखा आणि बॅटरी ही सारी मंडळी दोन बोटांच्या जाडीत दाटीवाटीने बसलेली असतात. म्हणून त्याची दुखणी बहुतेक उष्णतेपासून सुरू होतात.

संगणकाचे सर्व गणन ज्या तुकड्यात चालते त्यास प्रोसेसर म्हणतात. सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर ट्रान्झिस्टर नावाचे, विजेस वाट देणारे व अडविणारे, अतिसूक्ष्म दरवाजे कोरलेले असतात. १९९३ साली निघालेल्या पेंटियम प्रोसेसरमध्ये असे ३१ लाख दरवाजे होते. तो घडविणाऱ्यांपैकी एक प्रमुख तंत्रज्ञ विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले. आजच्या प्रोसेसरमध्ये त्यांची संख्या अब्जांच्या घरात गेली आहे. प्रत्येक दरवाजा उघडताना आणि मिटताना किंचित उष्णता निर्माण होते. एकट्या दरवाजाची उष्णता नगण्य असते. पण असे कोट्यवधी दरवाजे एका सेकंदात कोट्यवधी वेळा हलू लागले, म्हणजे तेवढ्याशा चकतीवर तव्यासारखी धग उत्पन्न होते.

ही धग बाहेर नेण्याची युक्ती मोठी मनोवेधक आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी टेकविलेली असते, आणि त्या दोहोंमध्ये उष्णता नीट वाहावी म्हणून करड्या लेपाचा पातळ थर दिलेला असतो. नळी वरून भरीव वाटते, पण ती आतून पोकळ असते. तिच्यातील हवा काढून, थोडेसे पाणी घालून, तिचे तोंड कायमचे बंद केलेले असते. आत हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी १०० अंशांच्या पुष्कळ आधीच उकळू लागते. त्याची वाफ नळीच्या थंड टोकाकडे धाव घेते, तेथे निवून तिचे पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीत तेल चढावे त्याप्रमाणे ते नळीच्या आतल्या बारीक जाळीतून परत प्रोसेसरपाशी येते. हा फेरा चालविण्यास पंप लागत नाही की वीज लागत नाही. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी तयार करून दाखविली, ती अंतराळातील उपयोग डोळ्यांपुढे ठेवून. आज ती शाळकरी मुलाच्या लॅपटॉपमध्ये मुकाट्याने आपले काम करीत असते. तिच्या थंड टोकास पातळ पत्र्यांची एक फणी असते आणि फणीशेजारी एक लहानसा पंखा. हा पंखा बहुधा तळाच्या फटींतून हवा आत ओढतो व फणीतून जाऊन तापलेली हवा कडेच्या किंवा मागच्या फटींतून बाहेर टाकतो.

एवढे समजले, म्हणजे निगेचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. गादीवर, गोधडीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या तळाच्या फटी कापडाने बुजतात आणि तो आपलीच ऊन हवा पुनःपुन्हा आत घेऊ लागतो. नाव जरी मांडीवरचे असले, तरी त्याची खरी जागा लाकडी पाट, चौरंग किंवा टेबल हीच होय. प्रोसेसरचे तपमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू लागले, की तो आपला वेग आपणच कमी करतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र आपोआप बंद होते. ही यंत्राने स्वतःच्या बचावासाठी केलेली तरतूद आहे. पण यंत्र मंद झाले, की ते जुने झाले असा निर्णय घरोघरी फार लवकर दिला जातो आणि नव्या यंत्राच्या किमतींची चौकशी सुरू होते. अशा वेळी प्रथम फणीतील धूळ पाहावी.

फणीच्या पत्र्यांमधील अंतर अगदी थोडे असते. हवेबरोबर आलेले कापसाचे तंतू, केस आणि धुळीचे कण तेथे अडकतात, आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचा घोंगडीच्या तुकड्यासारखा थर जमतो. पंख्याचा आवाज वाढला आहे, पण फटीपाशी हात धरला तर बाहेर येणारी हवा मात्र क्षीण लागते, ही त्याची ओळखण्याची खूण. असा थर काढण्याचे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावे. तोंडाने फुंकर घालू नये. तिच्याबरोबर ओलावा आत जातो. कारागीरही दाबाच्या हवेने धूळ उडविताना पंख्याची पाती काडीने अडवून धरतात, कारण मोकळा पंखा त्या झोताने भलत्याच वेगाने फिरून त्याचा आस खराब होतो.

पुष्कळ लॅपटॉपच्या माहितीपत्रकात सभोवतालचे तपमान ३५ अंशांपर्यंत असावे असे सांगितलेले असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४५ अंशांचा आकडा पुष्कळदा ओलांडला जातो. तेथे भर दुपारी यंत्रावर जड काम करण्यापेक्षा ते सकाळी उरकणे चांगले. आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत लॅपटॉप ठेवून जाणे तर केव्हाही वाईट. कोकणात शत्रू निराळा. तेथे आषाढ-श्रावणात भिंतींनाही घाम फुटतो. अशा दिवसांत महिनोन्‌महिने बंद करून ठेवलेल्या यंत्राच्या तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढू शकतो. त्याऐवजी ते अधूनमधून तासभर चालवावे. त्याची स्वतःचीच ऊब आतला ओलावा घालविते. थंड केलेल्या खोलीतून दमट हवेत आणलेल्या यंत्रावर चष्म्याच्या काचेवर जमते तशी वाफ जमण्याचा संभव असतो, म्हणून ते काही वेळ पिशवीतच राहू देऊन मग सुरू करावे.

लॅपटॉपमधील सर्वांत नाजूक, आणि बिघडल्यास सर्वांत धोक्याचा, भाग म्हणजे त्याची बॅटरी. ती लिथियम-आयन या जातीची असते. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला. १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी तिच्यासाठी कोबाल्टच्या ऑक्साइडाचा उपयोग शोधून काढला, आणि १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी तिला व्यवहारात वापरण्याजोगे रूप दिले. १९९१ साली ती बाजारात आली. या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल मिळालेले दुसरे कोणी नाही.

या बॅटरीत एका बाजूस ग्रॅफाइटचे थर असतात, दुसऱ्या बाजूस धातूच्या ऑक्साइडाचे थर, आणि दोहोंमध्ये एक ज्वालाग्राही द्रव व त्यात भिजलेला पातळ पडदा. चार्जर लावला, की लिथियमचे आयन ऑक्साइडातून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. यंत्र बॅटरीवर चालू लागले, की ते आल्या वाटेने परत फिरतात. पुस्तकाच्या पानांत खुणेचे कागद घालावे आणि काढावे, तसाच हा प्रकार. मात्र प्रत्येक फेरीत थोडे आयन वाटेतच अडकून पडतात, आणि पानेही हळूहळू झिजतात. म्हणून काही शे आवर्तनांनंतर कोणत्याही बॅटरीचा टिकाव कमी होतो. त्यास इलाज नाही. पण झिजण्याचा वेग वाढविणे किंवा कमी करणे हे वापरणाऱ्याच्या हाती असते.

वडीलधारी माणसे कधी कधी सांगतात, की बॅटरी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय चार्जर लावू नये. त्यांचा सल्ला एके काळी बरोबर होता, कारण निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांना तो लागू पडे. लिथियमच्या बॅटरीस तो हितकर नाही. तिला अगदी रिकामे होणे सोसत नाही, आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत, त्यातही तापलेल्या यंत्रात, दिवसच्या दिवस राहणेही सोसत नाही. साधारणतः वीस आणि ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखी असते. ज्यांचा लॅपटॉप सदैव चार्जरवरच चालतो, त्यांनी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय आपल्या यंत्रात आहे काय, हे पाहावे. पुष्कळ यंत्रांत ती असते. सुट्टीसाठी यंत्र बंद करून ठेवावयाचे असेल, तर बॅटरी निम्मी भरून ते सावलीच्या जागी ठेवावे.

जुन्या किंवा दुखावलेल्या बॅटरीत वायू तयार होऊन ती पुरीसारखी फुगते. यंत्र टेबलावर सपाट बसेनासे होते, डुगडुगते. बोटाने बाण फिरविण्याची पट्टी, म्हणजे टचपॅड, वर उचलली जाते. झाकण नीट मिटत नाही. ही लक्षणे दिसताच यंत्र बंद करावे, चार्जर काढावा आणि घरातील मोठ्या माणसांस सांगावे. फुगवटा हाताने दाबून बसविणे, टाचणीने भोसकून वायू काढणे असले प्रयोग प्राणावर बेतणारे आहेत. आतील पडदा फाटून दोन्ही बाजू एकमेकींस भिडल्या, तर क्षणार्धात प्रचंड उष्णता निर्माण होते व द्रव पेट घेतो; एका कप्प्याची आग शेजारच्या कप्प्यास लागते. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कोठारात ठेवू देत नाहीत, त्या प्रवाशाने स्वतःजवळ बाळगावयाच्या असतात. कोठारात आग लागली तर ती कोणास दिसणार नाही आणि विझविताही येणार नाही. उतारूंच्या कक्षात ती निदान वेळीच ध्यानी येते.

चार्जरकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. घरातील २३० व्होल्टांच्या उलटसुलट प्रवाहाचे बहुधा १९ किंवा २० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारी ती ठोकळ्यासारखी पेटी म्हणजे यंत्राचा द्वारपाल होय. तिची वायर ठोकळ्याभोवती आवळून गुंडाळली, की ठोकळ्यातून बाहेर पडते त्या जागीच तिचे आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. सैल वेटोळे घालावे. प्लग काढताना वायर न ओढता प्लगच धरावा. धातूच्या कवचाच्या काही लॅपटॉपवर हात फिरविताना झिणझिण्या येतात. त्याचे कारण पुष्कळदा अर्थिंग नसलेला सॉकेट हे असते. तीन पायांच्या प्लगचा तिसरा पाय शोभेसाठी दिलेला नसतो, आणि तो कापून दोन पायांच्या सॉकेटात प्लग बसविणारा मनुष्य शहाणा म्हणता येणार नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की चार्जर सॉकेटातून काढून ठेवावा. नुसते बटण बंद केल्याने भागत नाही.

लॅपटॉपवर चहा सांडला म्हणजे काय करावयाचे, हे आधीच ठाऊक असलेले बरे. सांडल्यावर विचार करावयास वेळ नसतो. हात व सॉकेट कोरडे असल्याची खात्री करून प्रथम चार्जर काढावा. मग सुरू करण्याचे बटण दाबून धरून यंत्र तत्काळ बंद करावे. चालू असलेले काम जतन करीत बसू नये. नंतर यंत्र उघडे ठेवूनच टेबलाच्या कडेवर कौलारू छपरासारखे पालथे घालावे, म्हणजे कीबोर्डमधून आत गेलेला द्रव खालच्या भागांपर्यंत न पोहोचता बाहेर ठिबकेल. बॅटरी सहज निघण्याजोगी असेल तर काढावी. यानंतरचा मोह सर्वांत मोठा: ‘जरा सुरू करून पाहू या’ असे प्रत्येकास वाटते. तो आवरावा. शुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करीत नाही. पण चहात, रसात किंवा विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, आणि त्यांतून प्रवाह वाहू लागला, की बारीक जोड काही तासांत खाऊन जातात. यंत्र तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची रीत बरीच पसरली आहे. तांदूळ आतले पाणी मोकळ्या हवेहून अधिक वेगाने शोषतो असे नाही. त्याची भुकटी मात्र फटींत शिरते, आणि चहातील साखर तर जागच्या जागीच राहते. यंत्र उघडून आतील भाग योग्य द्रावणाने पुसून घेणे हाच खरा उपाय, आणि तो त्याच दिवशी झाला तर यंत्र वाचण्याची आशा असते.

पडद्याचे दुखणे बहुधा एका पेन्सिलीने होते. कीबोर्डवर विसरलेली पेन्सिल किंवा कानात घालावयाच्या श्रवणयंत्राची बोंडे ध्यानात न येता झाकण मिटले जाते, आणि काच तडकते. पडदा म्हणजे पातळ काचेच्या दोन तावांमध्ये द्रवरूप स्फटिकांचा थर. हे अर्धवट द्रव, अर्धवट घन असे चमत्कारिक पदार्थ १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास प्रथम आढळले. या थरावर बोटाने दाब दिला तरी रंगांची वलये उठतात. म्हणून पडद्यास धरून यंत्र उचलू नये. झाकण कोपऱ्याने उघडले, तर एकाच बिजागरीवर पीळ पडतो, आणि ती ज्या प्लॅस्टिकमध्ये स्क्रूने बसविलेली असते ते प्लॅस्टिक तुटते. झाकण कडेच्या मध्यभागी धरून उघडावे. पडदा पुसण्यास मऊ कापड किंचित ओले करून घ्यावे. पाणी थेट पडद्यावर फवारले, तर ते खालच्या कडेने आत उतरते.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असते. तिच्या तबकड्या पुष्कळदा मिनिटास ५४०० वेळा फिरतात, आणि मजकूर वाचणारी सुई त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असते. अशा वेळी यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिसके देत नेणे म्हणजे त्या तरंगणाऱ्या सुईस तबकडीवर आपटणे होय. नव्या यंत्रांतील डिस्कमध्ये फिरणारा भाग नाही, तेव्हा ही भीतीही नाही. परंतु तीही एखाद्या दिवशी कसलीही पूर्वसूचना न देता निकामी होऊ शकते. ज्या मजकुराची दुसरी प्रत नाही, तो मजकूर असून नसल्यासारखाच समजावा. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर त्याची नक्कल करण्यास अर्धा तासही पुरतो.

यंत्र उघडण्याची उत्सुकता चांगली. तथापि ते उघडताना बॅटरीची जोडणी प्रथम सोडविली पाहिजे, आणि हात एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूस लावून अंगावरील स्थिर वीज घालविली पाहिजे. हातास चटका जाणवण्यास ही वीज सुमारे तीन हजार व्होल्टांची असावी लागते; स्मृतीच्या पट्टीस इजा करण्यास तिचा लहानसा अंशही पुरतो, व तो माणसास जाणवतही नाही. काढलेले स्क्रू दिसावयास सारखे असले, तरी लांबीस सारखे नसतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला, तर तो आतील फलक भेदून जातो. म्हणून निष्णात कारागीर कागदावर यंत्राची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवतात.

एवढे करूनही एक दिवस यंत्र कामातून जातेच. ते भंगाराच्या ढिगात किंवा कचऱ्याच्या गाडीत जाऊ नये. त्यात शिसे असू शकते, तसेच तांबे, कोबाल्ट व किंचित सोनेही असते. भारतात २०२२ साली अशा विद्युत कचऱ्यासाठी आणि बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र नियम झाले असून, नोंदणी झालेल्या संकलन केंद्रावर हे सामान द्यावयाचे असते. बॅटरीच्या उघड्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळी द्यावी. डिस्क मात्र देण्यापूर्वी काढून घ्यावी किंवा तिच्यावरील मजकूर पुरता पुसून घ्यावा, कारण पडदा फुटलेला आणि बॅटरी मेलेली असली, तरी घरातील माणसांची छायाचित्रे आणि कागदपत्रे तिच्यावर तशीच असतात.